एडवर्ड ब्रूस

एडवर्ड ब्राइट ब्रूस (जन्म : १३ एप्रिल १८७९, डोव्हर प्लेन्स, न्यू यॉर्क राज्य, मृत्यू : २६ जानेवारी १९४३, हॉलिवूड, फ्लोरिडा) हे अमेरिकन वकील, व्यापारी, निसर्गचित्रकार आणि शासकीय कलायोजनांचे प्रशासक होते. १९३० च्या दशकातील महामंदीच्या काळात अमेरिकेच्या संघशासनाने गावोगावी बांधलेल्या टपाल कार्यालयांच्या भिंतींवर जी भित्तिचित्रे आजही पाहावयास मिळतात, त्यांमागील योजना प्रामुख्याने ब्रूस यांनी आखली व सुमारे ९ वर्षे चालविली. या योजनेतून सुमारे १,१०० भित्तिचित्रे आणि ३०० च्या आसपास शिल्पे निर्माण झाली.

बालपण व शिक्षण

ब्रूस यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील डचेस परगण्यातील डोव्हर प्लेन्स या लहानशा गावी झाला. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे हाइड पार्क हे गावही याच परगण्यात आहे. चित्रकलेची ओढ ब्रूस यांना लहानपणापासून होती. तथापि चरितार्थासाठी त्यांनी कायद्याचा अभ्यास पत्करला. कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना ते तेथील फुटबॉल संघातून खेळत असत. १९०४ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी मिळविली.

वकिली व व्यापार

आरंभी न्यू यॉर्क येथे आणि नंतर फिलिपिन्समधील मनिला येथे त्यांनी वकिली केली. फिलिपिन्स त्या काळी अमेरिकेच्या ताब्यात होते. मनिलातील वास्तव्यात ‘मनिला टाइम्स’ हे वृत्तपत्रही त्यांच्या मालकीचे होते. पुढे त्यांनी चीनशी व्यापार करणाऱ्या एका कंपनीची सूत्रे हाती घेतली. या काळात चिनी चित्रकलेचा त्यांना जवळून परिचय झाला आणि चिनी चित्रांचा चांगला संग्रहही त्यांनी केला. कोर्टकचेरी, वृत्तपत्र आणि व्यापार या तिन्ही क्षेत्रांतील अनुभव त्यांना पुढे शासनदरबारी उपयोगी पडला.

चित्रकलेकडे

१९२० च्या दशकाच्या आरंभी, वयाची चाळिशी उलटल्यानंतर, ब्रूस यांनी व्यवसाय सोडला आणि पत्नी मार्गारेट यांच्यासह ते इटलीस गेले. रोमजवळच्या अँटिकोली कोराडो या डोंगरी गावात अमेरिकन चित्रकार मॉरिस स्टर्न यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी अनेक वर्षे चित्रकलेची साधना केली. टेकड्या, वृक्ष, शेते आणि घरांच्या रांगा हे त्यांचे आवडते विषय होते. रेखीव रचना आणि संयत रंग ही त्यांच्या निसर्गचित्रांची वैशिष्ट्ये मानली जातात. न्यू यॉर्कमधील प्रदर्शनांतून त्यांच्या चित्रांना रसिक व ग्राहक दोन्ही लाभले. वॉशिंग्टन येथील फिलिप्स संग्रहालयात त्यांचे चित्र जतन केलेले आहे.

दशकाच्या अखेरीस ते अमेरिकेस परतले, तोच महामंदी ओढवली. चित्रांची विक्री जवळजवळ थांबली. १९३२ मध्ये ते फिलिपिन्सविषयक व्यापारी हितसंबंधांचे प्रतिनिधी म्हणून वॉशिंग्टन येथे आले. १९३३ मध्ये लंडन येथे भरलेल्या आर्थिक परिषदेत अमेरिकन शिष्टमंडळाबरोबर चांदीच्या प्रश्नाचे तज्ज्ञ म्हणून ते उपस्थित होते. अशा रीतीने अर्थखात्यातील अधिकाऱ्यांशी त्यांचा निकटचा संबंध आला.

कलावंतांसाठी पहिली योजना

मे १९३३ मध्ये चित्रकार जॉर्ज बिडल यांनी आपले शाळासोबती राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहून शासकीय इमारतींवर तरुण चित्रकारांकडून भित्तिचित्रे काढून घ्यावीत, असे सुचविले. क्रांतीनंतरच्या मेक्सिकोतील भित्तिचित्रांचा आदर्श त्यांच्यासमोर होता. रूझवेल्ट यांनी ही सूचना अर्थखात्याकडे धाडली. संघशासनाच्या इमारती, टपाल कार्यालये धरून, बांधण्याचे काम त्या काळी अर्थखात्याकडे असल्यामुळे हे स्वाभाविक होते. खात्यात या कल्पनेला मूर्त रूप देण्याचे काम ब्रूस यांनी अंगावर घेतले.

८ डिसेंबर १९३३ रोजी ब्रूस यांच्या वॉशिंग्टन येथील निवासस्थानी संग्रहालयांचे संचालक व कलाक्षेत्रातील मान्यवर यांची बैठक भरली. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट याही बैठकीस उपस्थित होत्या. या बैठकीतून ‘पब्लिक वर्क्स ऑफ आर्ट प्रोजेक्ट’ ही योजना लागलीच सुरू झाली. देशाचे १६ विभाग पाडून प्रत्येकासाठी स्वयंसेवी समिती नेमण्यात आली. कलावंतांना कारागिरांप्रमाणे आठवड्याचा पगार मिळे आणि अमेरिकन जीवन हा विषय सर्वांना दिलेला होता. अवघ्या काही महिन्यांत सुमारे ३,७०० कलावंतांनी १५,००० हून अधिक कलाकृती तयार केल्या. त्यासाठी सुमारे १३ लाख डॉलर खर्च झाला. सॅन फ्रान्सिस्को येथील कॉइट टॉवरमधील भित्तिचित्रे याच योजनेतील होत. एप्रिल १९३४ मध्ये वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन कलादालनात निवडक कलाकृतींचे प्रदर्शन भरले. रूझवेल्ट दांपत्याने ते पाहिले आणि काही चित्रे व्हाइट हाउससाठी निवडली. हिवाळ्यापुरता मंजूर झालेला निधी संपताच १९३४ च्या मध्यावर ही योजना बंद झाली.

टपाल कार्यालये आणि एक टक्का

ही योजना तात्पुरती होती. कलेला शासनव्यवहारात कायमचे स्थान मिळावे, अशी ब्रूस यांची इच्छा होती. ऑक्टोबर १९३४ मध्ये अर्थखात्यात त्यांच्या आधिपत्याखाली चित्र व शिल्प विभाग स्थापन झाला. त्यालाच पुढे ललितकला विभाग हे नाव मिळाले. कलासमीक्षक फोर्ब्स वॉटसन आणि एडवर्ड रोवन हे त्यांचे प्रमुख सहकारी होते.

रोजगारनिर्मितीसाठी त्या दशकात संघशासनाने एक हजाराहून अधिक टपाल कार्यालये बांधली. अनेक लहान गावांच्या दृष्टीने संघशासनाची ती पहिलीच इमारत होती. त्यापूर्वी टपालाचे काम एखाद्या दुकानात किंवा भाड्याच्या जागेत चाले. खात्याचे प्रमुख वास्तुकार लुई सायमन यांच्या कचेरीत त्यांचे ठरावीक नमुने तयार होत. साधा, सममित दर्शनी भाग, चार पायऱ्या, आत तिकिटे व मनिऑर्डरीच्या खिडक्या असलेले लांबट दालन आणि दालनाच्या एका टोकास पोस्टमास्तरांची खोली, अशी त्यांची रचना असे. काही ठिकाणी स्थानिक वळणही दिले जाई. डचेस परगण्यातील राइनबेक, हाइड पार्क आदी गावांची टपाल कार्यालये तेथील जुन्या डच घरांच्या धर्तीवर स्थानिक दगडात बांधावीत, असा स्वतः रूझवेल्ट यांचा आग्रह होता.

इमारतीच्या खर्चापैकी सुमारे १ टक्का रक्कम कलाकृतीसाठी राखून ठेवावी, असे ब्रूस यांच्या विभागाचे सूत्र होते. ७०,००० डॉलरची इमारत असेल, तर चित्रासाठी ७०० डॉलर मिळत. बांधकामाचा खर्च वाढला, तर हा टक्का प्रथम कापला जाई. म्हणून सर्वच टपाल कार्यालयांना चित्र लाभले नाही. चित्राची जागा बहुधा पोस्टमास्तरांच्या दारावरची भिंत असे. चित्रकार आपल्या कार्यशाळेत कॅनव्हासवर तैलरंगात चित्र पूर्ण करी आणि नंतर गावी येऊन ते भिंतीवर चिकटवी. कच्चे रेखाटन, पूर्ण आकाराचे रेखाटन आणि भिंतीवरील चित्र यांना मंजुरी मिळेल तसतसे हप्त्याने पैसे दिले जात.

निवडीसाठी स्पर्धा होत. रेखाटनांवर कलावंताचे नाव नसे. ते बंद पाकिटात ठेवलेले असे. त्यामुळे अपरिचित कलावंतांनाही संधी मिळाली. विभागाने काम दिलेल्या सुमारे ८५० कलावंतांपैकी दीडशेहून अधिक स्त्रिया होत्या. कृष्णवर्णीय कलावंतांच्या वाट्यास मात्र अगदी थोडी कामे आली. १९३९ मध्ये ४८ राज्यांतील प्रत्येकी एका टपाल कार्यालयासाठी देशव्यापी स्पर्धा घेण्यात आली. तिच्यातील विजयी रेखाटने ‘लाइफ’ साप्ताहिकाने प्रसिद्ध केली.

ही चित्रे हॅरी हॉपकिन्स यांच्या डब्ल्यूपीए या रोजगार योजनेतील असल्याचा समज आजही प्रचलित आहे. वस्तुतः डब्ल्यूपीएचा ‘फेडरल आर्ट प्रोजेक्ट’ ही १९३५ मध्ये सुरू झालेली निराळी योजना होती व तिचे संचालक होल्गर काहिल होते. तेथे गरजू कलावंतांना मासिक वेतन मिळे. ब्रूस यांचा विभाग गरजेऐवजी गुणवत्ता पाही आणि ठरलेल्या कामाचा करार करी. उपासमार होत असलेल्या कलावंताला डावलून स्पर्धा कसली घेता, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला. शासनाने कला विकत घ्यावयाची तर ती उत्तम असावी, भिक्षा म्हणून घेऊ नये, या मतावर ब्रूस ठाम राहिले.

आजार

जून १९३५ मध्ये ब्रूस यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची डावी बाजू लुळी पडली. स्वतः रूझवेल्ट यांचे पाय पोलिओने गेलेले होते. या समदुःखामुळे दोघांमधील स्नेह दृढ झाला असे चरित्रकार मानतात. प्रकृती पूर्ववत कधीच झाली नाही, तरी ब्रूस यांनी विभागाची धुरा सोडली नाही. आलेल्या रेखाटनांची पाहणी आणि विभागाचा निधी टिकविण्यासाठी अधिकाऱ्यांशी चर्चा हे त्यांचे काम अखेरपर्यंत चालू होते. १९३६ मध्ये वॉटसन यांच्यासह त्यांनी संघशासनाच्या इमारतींतील भित्तिचित्रांच्या रेखाटनांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९४० मध्ये ते वॉशिंग्टनच्या ललितकला आयोगाचे सदस्य झाले.

वाद

गावातील प्रत्येक माणसाची ज्या इमारतीत ये-जा असते, तेथे चित्र लावावयाचे, तर ते त्या गावाला आपले वाटले पाहिजे, असे ब्रूस यांचे मत होते. म्हणून चित्रकाराने गावी जावे, पोस्टमास्तरांशी व रहिवाशांशी बोलावे आणि तेथील इतिहास, शेती, उद्योग अथवा टपालाची ने-आण यांतून विषय घ्यावा, अशी अपेक्षा असे. नग्नाकृती, संप, सामाजिक संघर्ष आणि अमूर्त शैली यांना विभागात सहसा थारा नव्हता. या सावधपणामुळे असंख्य चित्रे एकमेकांसारखी झाली, अशी टीका अनेक समीक्षकांनी केली आहे.

इतके करूनही वाद टळले नाहीत. साउथ कॅरोलायनातील एकेन येथील न्यायालयासाठी स्टेफान हिर्श यांनी १९३८ मध्ये काढलेल्या न्यायदेवतेच्या चित्रात ती कृष्णवर्णीय भासते, अशी तक्रार झाली आणि न्यायाधीशांनी चित्रावर पडदा टाकविला. आयडाहोतील केलॉग या खाणींच्या गावासाठी फ्लेचर मार्टिन यांचे जे रेखाटन १९३९ च्या स्पर्धेत निवडले गेले, त्यात जखमी कामगाराला स्ट्रेचरवरून बाहेर आणणारे खाणकामगार दाखविले होते. कामगार संघटनेला ते पसंत होते. खाणमालकांनी हरकत घेताच विभागाने माघार घेतली आणि मार्टिन यांनी त्या जागी खाणीचा शोध लावणारा प्रवासी व त्याचे गाढव यांचे निरुपद्रवी चित्र काढले. ओक्लाहोमातील वाटोंगा येथे १९४१ मध्ये एडिथ माहिएर यांच्या चित्रातील शायेन प्रमुखाचे रूप व वेशभूषा चुकीची असल्याबद्दल शायेन लोकांनीच टपाल कार्यालयासमोर निषेध केला. मेन राज्यातील केनेबंकपोर्ट येथील रहिवाशांना समुद्रस्नान करणाऱ्यांचे एलिझाबेथ ट्रेसी यांचे चित्र आवडले नाही. १९४५ मध्ये ते उतरविण्यात आले.

गावाच्या पसंतीचा मान राखावयाचा, तर गावात वजन कोणाचे, हा प्रश्न उरतोच. केलॉग येथे तो खाणमालकांच्या बाजूने सुटला. दुसरीकडे, ओक्लाहोमातीलच अनाडार्को येथे कायोवा चित्रकार स्टीफन मोपोप यांना आपल्या लोकांचे जीवन टपाल कार्यालयाच्या १६ चित्रफलकांत रंगविता आले. दोन्ही घटना ब्रूस यांच्याच कारकीर्दीतील आहेत.

मृत्यू व वारसा

अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर शासकीय बांधकामे थांबली आणि त्यांच्याबरोबर एक टक्क्याचा निधीही आटला. २६ जानेवारी १९४३ रोजी फ्लोरिडातील हॉलिवूड येथे वयाच्या ६३ व्या वर्षी ब्रूस यांचे निधन झाले. त्याच वर्षी ललितकला विभाग बंद करण्यात आला. शासकीय पातळीवर कलेची कायमस्वरूपी व्यवस्था पाहण्याचे त्यांचे स्वप्न त्यांच्या हयातीत पूर्ण झाले नाही.

तथापि बांधकामाच्या खर्चातील ठरावीक हिस्सा कलेसाठी राखण्याची कल्पना टिकून राहिली. १९६३ मध्ये अमेरिकन संघशासनाने आपल्या नव्या इमारतींसाठी अर्धा टक्का रक्कम राखण्याचे धोरण स्वीकारले. अनेक राज्यांनी व शहरांनीही असे नियम केले.

मधल्या दशकांत कित्येक भित्तिचित्रे रंग फासून झाकली गेली, काही हरवली, काही गळक्या छपरांमुळे खराब झाली. अनेक जुनी टपाल कार्यालये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत समाविष्ट असली, तरी टपाल सेवेने त्यांपैकी काही इमारती विकल्या आहेत. त्यामुळे खासगी मालकीच्या इमारतीतील चित्र लोकांना पाहता यावे कसे, हा प्रश्न नव्याने उपस्थित झाला आहे. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकन टपाल सेवेने पुढील ५ गावांच्या टपाल कार्यालयांतील भित्तिचित्रांवर तिकिटे प्रसिद्ध केली :

- पिगॉट, आर्कान्सा
- फ्लॉरेन्स, कोलोरॅडो
- रॉकव्हिल, मेरीलँड
- डेमिंग, न्यू मेक्सिको
- अनाडार्को, ओक्लाहोमा