विश्लेषण : स्कूबा डायव्हिंगआधी प्रशिक्षण का हवे? हाल्डेन यांचे आयुष्य काय सांगते?

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. पण सुट्टीत तारकर्ली-मालवणला गेल्यावर स्कूबा डायव्हिंगचा मोह इथल्या पर्यटकांनाही होतोच. पाण्याखालच्या श्वासाचे धोके स्वतःच्या शरीरावर तपासणारे शास्त्रज्ञ म्हणजे जे. बी. एस. हाल्डेन. सिकलसेलमुळे त्यांचे या जिल्ह्याशीही नाते जुळते.

पाण्याशी ओळख कशी झाली?

हाल्डेन यांचा जन्म 5 नोव्हेंबर 1892 रोजी ऑक्सफर्डला झाला. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वसनाचे नामवंत अभ्यासक. पाणबुड्यांनी टप्प्याटप्प्याने थांबत वर कसे यावे, याची कोष्टके त्यांनी शेळ्यांवर प्रयोग करून बनवली आणि 1908 मध्ये प्रसिद्ध केली. त्याच काळात, 13 वर्षांचा असताना मुलगाही स्कॉटलंडच्या समुद्रात उतरला. पोशाख मापाचा नसल्याने त्यात पाणी शिरले. मुलगा बचावला आणि साधन अंगाला नीट बसायला हवे, हा धडा मिळाला.

‘थेटिस’ दुर्घटनेत काय घडले?

1 जून 1939 रोजी ‘थेटिस’ ही ब्रिटिश पाणबुडी चाचणीदरम्यान लिव्हरपूलच्या उपसागरात बुडाली. सुटकेची साधने असूनही 103 पैकी फक्त चौघे वाचले. कामगार संघटनांच्या विनंतीवरून हाल्डेन यांनी कारणे शोधायला घेतली. सहकाऱ्यांसह ते बंद पेटीत तासन् तास बसले. साचलेला कार्बन डायऑक्साइड माणसाला कसा गलितगात्र करतो, हे त्यांनी अनुभवले.

प्रयोगांची किंमत काय मोजली?

जास्त दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतल्याने त्यांना झटके आले आणि पाठीच्या मणक्याला इजा झाली. कानाचा पडदाही फाटला. त्या कानातून तंबाखूचा धूर सोडता येतो, हे ते गमतीने सांगत. खोल पाण्याइतक्या दाबाखाली हवेतील नायट्रोजन नशा आणतो आणि साधी गणितेही चुकतात, हेही या प्रयोगांत दिसले.

प्रशिक्षणात काय शिकवतात?

10 मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. तिथे छातीभर घेतलेली हवा वर येताना फुगते. श्वास रोखून वर आल्यास फुप्फुस फाटू शकते, अगदी उथळ पाण्यातही. म्हणून पहिला नियम : श्वास कधीही रोखायचा नाही. कानातील दाब सारखा करणे, मुखवट्यात शिरलेले पाणी काढणे, सोबत्याच्या टाकीतून श्वास घेणे, सावकाश वर येणे हे आधी उथळ पाण्यात घटवून घेतले जाते. प्राथमिक अभ्यासक्रमानंतर साधारण 18 मीटरची मर्यादा असते. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाचे प्रशिक्षण केंद्र आहे. एका दिवसाची हौस असली तरी प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र पाहावे आणि आरोग्याच्या प्रश्नावलीत काही लपवू नये.

नंदुरबारशी नाते कोणते?

रक्तातील काही आनुवंशिक दोष मलेरियाच्या प्रदेशात टिकून का राहतात, याचे उत्तर हाल्डेन यांनी 1949 च्या सुमारास मांडले : दोषाचा वाहक मलेरियापासून काहीसा बचावतो. सिकलसेलबाबत 1954 मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतील अभ्यासातून त्याला पुष्टी दिली. सातपुड्यातील आदिवासी कुटुंबांना हा आजार चांगलाच परिचित आहे. ऑक्सिजन कमी पडला की सिकलसेलचा त्रास बळावतो. त्यामुळे रुग्णांनी स्कूबा टाळावे, तर वाहकांनी डॉक्टरांना विचारूनच पाण्यात उतरावे.

अखेर कुठे झाली?

1957 मध्ये हाल्डेन कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, पुढे भारताचे नागरिक झाले आणि 1962 मध्ये भुवनेश्वरला गेले. तिथेच 1 डिसेंबर 1964 रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. इच्छेनुसार त्यांचा देह काकीनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला. हयातभर शरीर प्रयोगाला देणाऱ्या या माणसाने शेवटी तेही विद्यार्थ्यांच्या हवाली केले. आज पाण्यात उतरणाऱ्याला तसा धोका पत्करायची गरज नाही. शिकून उतरले की पुरे.