अँड्रॉइडचं ॲप विंडोजवर चालतं, त्यामागचं गणित १९३६ सालीच मांडलं होतं

माथेरानला ट्रेनने जायचं तर नेरळला गाडी बदलावीच लागते. कर्जत लोकल धावते ब्रॉडगेजवर आणि माथेरानची राणी दोन फुटी रुळावर. लोकलचा डबा काही वर चढत नाही.

ॲपचंही असंच असतं. अँड्रॉइडसाठी बनवलेलं ॲप विंडोजच्या लॅपटॉपवर थेट चालत नाही. मग लोक एम्युलेटर टाकतात. हे सॉफ्टवेअर लॅपटॉपच्या आत एक नकली फोन उभा करतं आणि ॲप त्यावर चालतं.

पण एक मशीन दुसऱ्या मशीनची नक्कल करू शकतं, हे दाखवलं कुणी? उत्तर आहे ॲलन ट्युरिंग.

ट्युरिंगचे वडील मद्रास प्रांतात आयसीएस अधिकारी होते. आईचा जन्मही भारतातलाच. ॲलन मात्र २३ जून १९१२ ला लंडनमध्ये जन्मला. आईवडील भारतात परतले आणि तो भावासोबत इंग्लंडमध्ये दुसऱ्यांच्या घरी वाढला.

१९३६ मध्ये केंब्रिजला असताना त्याने एक पेपर लिहिला. आजच्यासारखा कॉम्प्युटर तेव्हा नव्हताच. त्याने कागदावरच एक मशीन कल्पिलं. लांबलचक पट्टीवरची चिन्हं एकेक करून वाचणारं. खरी गंमत पुढे होती. दुसऱ्या मशीनचे नियम या पट्टीवर लिहून दिले, की हेच मशीन ते वाचून त्या दुसऱ्या मशीनचं काम करतं.

एम्युलेटरच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. नियम वाचायचे आणि मग पाळायचे, हे जादा काम असतं. म्हणूनच एम्युलेटरवर ॲप बऱ्याचदा अडखळतं.

दुसऱ्या महायुद्धात ट्युरिंगने ब्लेचली पार्कमध्ये जर्मनीच्या एनिग्मा यंत्राचे गुप्त संदेश फोडायला मोठा हातभार लावला. १९४८ मध्ये तो मँचेस्टर विद्यापीठात गेला.

१९५२ मध्ये समलिंगी संबंधांबद्दल त्याला दोषी ठरवलं गेलं. ब्रिटनमध्ये तेव्हा तो गुन्हा होता. तुरुंग टाळण्यासाठी त्याने हार्मोनचे उपचार स्वीकारले. सरकारच्या गुप्त कामाची दारंही बंद झाली. ७ जून १९५४ ला सायनाइडने त्याचा मृत्यू झाला. वय फक्त ४१. चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला.

त्याचं युद्धातलं काम गुप्त होतं. १९७० च्या दशकापर्यंत सामान्य ब्रिटिश माणसाला ते ठाऊकच नव्हतं. राणीची माफी मिळाली २०१३ मध्ये, मृत्यूनंतर ५९ वर्षांनी. २०२१ मध्ये ५० पौंडांच्या नोटेवर त्याचा फोटो आला. त्याच नोटेवर १९३६ च्या पेपरमधला एक तक्ताही छापलाय.