घरातली साक्ष : लक्ष्मीबाई टिळक



साक्ष देणे म्हटले की आपल्यापुढे उपासनामंदिरातले व्यासपीठ उभे राहते. पण ज्या बाईंची आज आठवण करावयाची आहे, त्यांची पहिली मोठी साक्ष स्वयंपाकघरात, पाण्याच्या भांड्यापाशी झाली. आणि तीही बाप्तिस्मा होण्यापूर्वी.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांना सोवळ्याचे अतोनात वेड होते. बाजारातून आलेली वस्तू, अगदी मीठसुद्धा, धुतल्याशिवाय घरात येत नसे. विटाळाचे भय लहानग्या मनूच्या अंगात असे लहानपणीच मुरले. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. शाळेचे शिक्षण नव्हते. अक्षरओळख झाली ती पतीमुळे.

दि. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पदरी लहानगा दत्तू, नवरा जिवंत असून संसार मोडलेला, आणि चारचौघांच्या नजरा चुकवीत नातलगांच्या आश्रयाने दिवस काढायचे. अशी काही वर्षे गेली. शेवटी त्या पतीकडे आल्या, पण आपले सोवळे घेऊनच आल्या. एका संसारात दोन धर्म नांदू लागले. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही, ही गोष्ट आपण विसरू नये. घाईने माणसे ओढू पाहणाऱ्या आपल्यासारख्या उपदेशकांनी तर मुळीच विसरू नये.

मग राहुरीच्या मुक्कामात एका रात्री त्यांना झोप येईना. विचार करता करता त्यांच्या मनात प्रश्न आला, की जातिभेद खरोखर देवाने केला असेल काय? पशुपक्ष्यांच्या जाती देवाने केल्या, त्या पाहताक्षणी ओळखू येतात. माणसामाणसांत तसा फरक कोठे दिसतो? स्त्री आणि पुरुष एवढाच काय तो भेद. तेव्हा बाकीचे सारे माणसाने रचलेले असले पाहिजे. त्या रात्री निर्णय झाला, की यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे.

बंधुभगिनींनो, ज्या घरात मीठ धुऊन घेत, त्या घरच्या लेकीने असे ठरवावे, याची किंमत आपण समजून घेतली पाहिजे. एक घोट पाणी दिसायला क्षुल्लक. पण त्या घोटाबरोबर माहेरची वाट बंद होण्याचा संभव होता, आणि जन्मभर जे पवित्र मानले त्यावर पाणी सोडायचे होते. एवढे त्यांनी केले, आणि त्यानंतर 1900 साली बाप्तिस्मा घेतला. आपल्यापैकी पुष्कळांचा क्रम याच्या उलट असतो. बाप्तिस्मा आधी होतो, आणि मनातले सोवळे पुढे दोनतीन पिढ्या जसेच्या तसे राहते.

पुढचे आयुष्य सुखाचे होते असे नाही. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. गरजवंत दिसला की असेल ते देऊन ते मोकळे होत, आणि उद्याच्या पिठामिठाची काळजी लक्ष्मीबाईंना करावी लागे. त्या चिडत, बोलत, भांडतही. संतांच्या चरित्रात ज्या गोष्टी झाकून ठेवतात, त्या त्यांनी स्वतः हसत हसत लिहून ठेवल्या. पण दाराशी आलेल्या अनाथ लेकराला त्यांनी परत पाठविले नाही. परक्यांची मुले त्यांच्या घरात वाढली. कवी बालकवी ठोमरे काही काळ त्यांच्या घरी राहिले, ते मुलासारखेच. अहमदनगरात प्लेग आला तेव्हा सख्खे नातलगही रोग्याजवळ जायला धजत नसत. लक्ष्मीबाई मात्र प्लेगच्या छावणीत शुश्रूषेला गेल्या. एकेकाळी ज्या स्पर्शाला त्या भीत, तोच स्पर्श आता रोग्यांना दिलासा देत होता.

दि. 9 मे 1919 रोजी टिळक प्रभूकडे गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य थोडेच अध्याय होऊन अपुरे राहिले होते. शाळेत न गेलेल्या या बाईंनी ते हाती घेतले आणि त्यात साठाहून अधिक अध्यायांची भर घातली. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र 1934 पासून पुस्तकरूपाने येऊ लागले. मराठी भाषेतल्या उत्तम पुस्तकांत आजही त्याची गणना होते, आणि ते वाचणारे बहुतेक लोक ख्रिस्ती नसतात. दि. 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंनी देह ठेवला.

आता आपण आपल्या घरात डोकावून पाहू. बेळगाव असो, इंदूर असो की हैदराबाद, आपण सारे एकाच मेजावर प्रभुभोजन घेतो. पण घरी कामाला येणाऱ्या बाईचा कप वेगळा का? मुलामुलींची लग्ने ठरविताना आजोबा कोणत्या जातीतून आले याची हळूच चौकशी का? मंडळीच्या निवडणुकीत मत कोणाला द्यायचे, हे त्याच चौकशीवरून का ठरते? हे प्रश्न मी प्रथम स्वतःला विचारतो. उत्तर देताना मान खाली जाते.

प्रभू येशूने विहिरीवर एका शोमरोनी स्त्रीजवळ प्यायला पाणी मागितले, ते त्या काळच्या शिष्टाचाराला सोडून होते. लक्ष्मीबाईंनी शेवटी तीच वाट धरली. तिच्यासाठी व्यासपीठ लागत नाही, पदवी लागत नाही, मोठी देणगीही लागत नाही. आज संध्याकाळी घरात तो वेगळा ठेवलेला कप आपल्या कपांत मिसळून ठेवावा. प्रार्थना त्यानंतर करावी.