माता मोनिका

जुन्या गोव्यातील सांता मोनिकाचा विस्तीर्ण मठ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. आर्चबिशप मेनेझिस यांनी १६०६ साली ख्रिस्ती संन्यासिनींसाठी तो स्थापन केला. परंतु ज्या साध्वीचे नाव त्यास दिले, ती स्वतः मठवासिनी नव्हती. ती एक संसारी स्त्री होती आणि एका वाट चुकलेल्या मुलाची आई होती. तिची कथा येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

आजच्या अल्जीरिया देशात थागास्ते हे त्या काळी रोमन साम्राज्यातील एक लहानसे गाव होते. तेथे इ. स. ३३१ च्या सुमारास मोनिकेचा जन्म झाला. माहेर ख्रिस्ती, पती पॅट्रिशियस मात्र जुन्या रोमन दैवतांना मानणारा, मनाने उदार, पण शीघ्रकोपी. सासूही आरंभी दासींच्या चहाड्यांवर विश्वास ठेवी. मोनिकेने दोघांनाही सोशिकपणाने जिंकले, आणि आयुष्याच्या अखेरीस पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

खरी कसोटी पुढेच होती. ३५४ साली जन्मलेला ऑगस्टिन हा तिचा पुत्र कुशाग्र बुद्धीचा. ऐपत नसतानाही बापाने त्याच्या शिक्षणावर खर्च केला, आणि बापाच्या मागे एका श्रीमंत गाववाल्याने हात दिला. पण कार्थेजला विद्येबरोबर विलासही आला. विवाहावाचून एका स्त्रीशी त्याने संसार मांडला. त्यांना मुलगा झाला, त्याचे नाव अदेओदातुस, म्हणजे देवदत्त. वर तो मानीच्या पंथातही शिरला. घरी परतल्यावर आईने त्याला आपल्या पंक्तीस बसू दिले नाही.

तेवढ्यात तिला एक स्वप्न पडले. ती एका लाकडी पट्टीवर उभी असून एका तेजस्वी तरुणाने तिला दाखविले, की ती जेथे आहे तेथेच तिचा पुत्रही उभा आहे. ऑगस्टिनने चतुराईने अर्थ लावला, की आईच आपल्या पंथात येणार. तिने तत्काळ उत्तर दिले, की तसे सांगितलेलेच नाही! तिने त्याला पुन्हा पंक्तीस घेतले. एका बिशपकडे जाऊन मुलाची समजूत घालण्याची गळ तिने घातली, तेव्हा त्याने वादाऐवजी प्रार्थनेचा मार्ग सांगितला. एवढ्या अश्रूंचा पुत्र वाया जाणे शक्य नाही, असे म्हणून तिला निरोप दिला.

३८३ साली ऑगस्टिन रोमला निघाला. आईने त्याला घट्ट धरले. मित्राला निरोप देण्याची सबब सांगून त्याने तिला बंदराजवळच्या संत सिप्रियनच्या स्मृतिमंदिरात रात्र काढण्यास लावले. मुलगा जाऊ नये म्हणून ती रात्रभर देवाला विनवीत होती, आणि सकाळी पाहते तो गलबत निघून गेलेले! त्या रात्रीची मागणी देवाने नाकारली ती तिची जन्मभराची मागणी पुरविण्यासाठी, असे ऑगस्टिनने पुढे लिहिले. पण त्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या आईला हे कोठून ठाऊक असणार? देवाच्या दयेवर भार टाकणे म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे, असे कोणास वाटत असेल तर त्याने तिची पुढची वाट पाहावी. मुलाच्या मागोमाग तीही समुद्रावर निघाली. वादळात उलट खलाशांनाच तिने धीर दिला आणि ३८५ साली मिलान गाठले.

येथे तिची एक उणीव आम्ही झाकीत नाही. मुलाचे लग्न चांगल्या घराण्यात जुळावे म्हणून तिने खटपट केली, आणि त्यापायी देवदत्ताच्या आईला एकटीच आफ्रिकेस परत जावे लागले. त्या बिचारीचे नावही ऑगस्टिनने नोंदविले नाही. ठरलेले लग्न तर झालेच नाही.

३८६ साली मिलानच्या एका बागेत ऑगस्टिनचे मन पालटले. त्यानंतर तो आईकडे गेला. ३८७ च्या ईस्टरला बिशप अँब्रोज यांच्या हातून बाप व मुलगा दोघांचाही बाप्तिस्मा झाला. स्वदेशी परतताना ओस्तिया बंदरी मोनिकेला ताप आला. पतीशेजारी आपली कबर असावी अशी तिची फार दिवसांची इच्छा. पण आता देह कोठेही ठेवा, वेदीपाशी माझी आठवण करा, एवढेच तिने मुलांना सांगितले. आजाराच्या नवव्या दिवशी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी तिने देह ठेविला.

ऑगस्टिनने आपल्या 'कन्फेशन्स' या ग्रंथात तिचे गुण गाइले. पण देवापाशी मागताना ते गुण बाजूस ठेवून तिच्या अपराधांसाठी क्षमा मागितली, आणि आईबापांचे स्मरण ठेवण्याची विनंती वाचकांना केली.

१९४५ साली ओस्तिया येथे खेळासाठी खांब रोवण्यास खड्डा खणीत असलेल्या मुलांना संगमरवराचा एक तुकडा सापडला. तो मोनिकेच्या थडग्यावरील लेखाचा होता.