वाघिणीला हाक मारून बोलावणारे जिम कॉर्बेट

खारघरच्या खाडीलगत कांदळवनात आजही कोल्हे आहेत. एकानं सूर लावला की बाकीचे साद देतात. आवाजाला भुलण्याची ही सवय शिकाऱ्यांना बरोबर ठाऊक असते. परदेशात काही ठिकाणी स्पीकरवर जखमी सशाचा आवाज लावून खोकडाला बंदुकीच्या टप्प्यात आणतात. खोकडही हुशार, सरळ न येता वळसा घालून, वास घेत येतं. (आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद आहे, तेव्हा प्रयोग नको!)

स्पीकर नव्हते तेव्हा जिम कॉर्बेट हे काम नुसत्या गळ्यानं करायचे.

जन्म १८७५ चा, नैनितालचा. वडील पोस्टमास्तर, ते लवकर गेले. जंगलातच वाढल्यामुळे प्राण्यांचे आवाज काढणं जमू लागलं. नोकरी मात्र रेल्वेची, बिहारमध्ये मोकामा घाटावर. १९०७ मध्ये त्यांनी चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिचे ४३६ बळी सांगतात.

खरी गोष्ट ठाक गावची. नोव्हेंबर १९३८, कॉर्बेट ६३ वर्षांचे. तिथली नरभक्षक वाघीण जोडीदारासाठी हाका मारत होती. मुक्कामाच्या शेवटच्या संध्याकाळी कॉर्बेटनी नर वाघाच्या आवाजात उत्तर दिलं. ती जवळ येत गेली. अंधार पडता पडता गोळी सुटली. जोडीदार समजून आली बिचारी.

त्यानंतर त्यांनी नरभक्षकाची शिकार केली नाही. कॅमेऱ्याचा नाद आधीपासूनच होता. वाघांचं चित्रीकरण करताना त्यांनी ओढा अडवून छोटे धबधबे केले, कॅमेऱ्याची घरघर वाघांना ऐकू जाऊ नये म्हणून. सात वाघ समोर आले.