थिओडोर कोखर

आमच्या सुरतेपासून समुद्र दूर नाही. भारतातील बहुतांश मीठ गुजरातेत पिकते. १९३० साली महात्माजींनी ज्या दांडीस मूठभर मीठ उचलले, ते गावही त्या काळी सुरत जिल्ह्यातच मोडत असे. आज तेच मीठ आयोडीन मिसळून घरोघरी येते. ते का मिसळावे लागते, हे स्वयंपाकघरात सहसा कोणी विचारीत नाही. मानेत, श्वासनलिकेच्या पुढे, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिला अवटु ग्रंथी किंवा थायरॉईड म्हणतात. तिचा रस आयोडीनवाचून तयार होत नाही. ते कमी पडले की ग्रंथी फुगते आणि गलगंड होतो. या इवल्याशा ग्रंथीचे महत्त्व ज्यांच्यामुळे जगास पटले, त्या शल्यविशारदाचे चरित्र आम्ही येथे सांगत आहोत.

थिओडोर कोखर यांचा जन्म २५ ऑगस्ट १८४१ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न शहरी झाला. वैद्यकाची पदवी तेथेच घेऊन त्यांनी बर्लिन, लंडन, पॅरिस, व्हिएन्ना येथील नामांकित शल्यवैद्यांचे काम पाहिले. १८७२ साली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते बर्न येथे प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले.

आल्प्सच्या खोऱ्यांतील मातीत आयोडीन अत्यल्प. त्यामुळे गलगंडाचे रोगी तेथे गावोगाव असत. परंतु ही ग्रंथी रक्तवाहिन्यांनी वेढलेली. तिला शस्त्र लावण्यास भलेभले कचरत. कोखर सावकाश, नेटकेपणाने, एकेक रक्तवाहिनी बांधीत काम करीत. त्यांच्या आरंभीच्या शंभर रोग्यांत सुमारे तेरा दगावले. पुढे हे प्रमाण शंभरात एकाहूनही खाली आले. त्यांच्या नावाचा दातेरी चिमटा आजही शस्त्रक्रियागृहांत वापरला जातो.

येथवरची कथा यशाची आहे. १८७४ साली कोखर यांनी एका अकरा वर्षांच्या मुलीची संपूर्ण ग्रंथी काढली. जखम उत्तम भरली, मुलगी घरी गेली. तिच्यात काही विपरीत बदल होत असल्याचे तिच्या वैद्याने कळविले होते. परंतु त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. १८८२ साली जिनीव्हाचे शल्यवैद्य रेव्हर्दिन यांनी आपल्या रोग्यांतही असेच आढळल्याचे सांगितले (हा मान रेव्हर्दिन यांचा आहे, हे विसरू नये), तेव्हा कोखर अस्वस्थ झाले. त्यांनी आपल्या जुन्या रोग्यांस तपासणीसाठी बोलाविले. चौतीस जणांची संपूर्ण ग्रंथी काढली होती. अठरा जण तपासता आले. त्यांपैकी सोळा जण सुस्त, सुजलेले, मंद झाले होते. ती मुलगीही आली. पूर्वी धाकट्या बहिणीत आणि तिच्यात फरक ओळखू येत नसे. आता बहीण चांगली वाढली होती; ही मात्र ठेंगणी आणि मंदबुद्धी राहिली होती.

कीर्तीच्या शिखरावर असता ही गोष्ट झाकणे अवघड नव्हते. कोखर यांनी १८८३ साली बर्लिनच्या शल्यवैद्यांच्या सभेत ती आकड्यांनिशी मांडली, आणि साध्या गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढणे सोडून दिले. आमच्या मते त्यांच्या पाच हजारांहून अधिक शस्त्रक्रियांपेक्षा ही एक कृती थोर आहे.

तिचे फळ आपण आजही भोगतो. मानेत गाठ लागली की घरातील माणसे धास्तावतात. परंतु अवटु ग्रंथीतील दहांपैकी नऊ गाठी निरुपद्रवी असतात. रक्त तपासून, ध्वनिलहरींची सोनोग्राफी करून, गरज पडल्यास बारीक सुईने पेशी काढून डॉक्टर खात्री करून घेतात. निरुपद्रवी गाठीवर बहुधा केवळ लक्ष ठेवतात. ती श्वासास वा गिळण्यास अडथळा करू लागली तर पुष्कळदा ग्रंथीचा अर्धाच भाग काढतात. सर्वच काढावी लागली, तरी तिच्या रसाची गोळी रोज घेऊन मनुष्य नीट जगतो. त्या मुलीच्या वेळी अशी गोळी नव्हती. मेंढीच्या ग्रंथीचा अर्क देऊन पहिला उपचार झाला तो १८९१ साली, इंग्लंडात.

१९०९ साली कोखर यांस नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले शल्यविशारद. स्वित्झर्लंडमध्ये आयोडीनयुक्त मीठ १९२२ साली सुरू झाले. ते पाहण्यास मात्र ते नव्हते. जुलै १९१७ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, तातडीच्या एका रोग्यासाठी त्यांस रुग्णालयात बोलावणे आले. शस्त्रक्रिया पार पाडून ते घरी परतले, त्यांस बरे वाटेना, आणि २७ जुलै रोजी त्यांचे निधन झाले.