थोरो आणि रानातील जीव

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानातील कॉनकॉर्ड गावी ता. १२ जुलै १८१७ रोजी हेन्री डेव्हिड थोरो यांचा जन्म झाला. वडील पेन्सिली तयार करीत. १८३७ साली हार्वर्ड येथील शिक्षण संपवून थोरो गावच्या शाळेत शिक्षक झाले. परंतु मुलांस छडी मारलीच पाहिजे असा वरिष्ठांचा आग्रह पडताच त्यांनी ती नोकरी सोडली. पुढे बंधू जॉन यांजसह त्यांनी स्वतःची शाळा चालविली व मुलांस रानावनात नेऊन शिकविले. ही शाळा आमच्या विद्यार्थ्यांस खचित आवडली असती!

१८४५ च्या मार्चअखेरीस वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधण्यासाठी ते झाडे तोडीत होते. कुऱ्हाडीचा दांडा निसटला, म्हणून लाकूड फुगावे या हेतूने त्यांनी ती पाण्यात ठेविली. तोच एक पट्टेरी साप तळ्यात शिरून तळाशी निपचित पडला. थोरो तेथे पाव तासाहून अधिक वेळ होते, तरी तो हलला नाही. त्या थंड मुलखात साप हिवाळाभर बधिर होऊन राहतात. ती सुस्ती अद्याप उतरली नव्हती. साप दिसताच काठी शोधणाऱ्या आम्हा लोकांस हा पाव तास नवलाचा वाटेल.

या झोपडीत ते दोन वर्षांहून थोडे अधिक काळ राहिले. तेथील एक रानउंदीर त्यांच्या हातावर येऊन खात असे. लून नावाच्या पाणबुड्या पक्ष्याने मात्र त्यांस चांगलेच चकविले. होडी एकीकडे वळवावी, तर पक्षी भलतीकडेच वर येई व हसल्यासारखा ओरडे. साप थोरोंच्या पायांस विळखा घालीत, असे त्यांचे मित्र इमर्सन यांनी लिहून ठेविले आहे. त्यात मित्रप्रेमाची थोडी भर असावी, असे आम्हांस वाटते.

परंतु निरीक्षण आणि हत्या यांतील सीमा त्यांसही सहज सापडली नाही. १८५३ साली ते मेन प्रांताच्या घोर अरण्यात गेले. तेथे मूस नावाचे, सांबराहूनही थोर असे हरिण राहते. बरोबरच्या आप्ताने एक मादी मारली. थोरोंनी दोरीने तिचे माप घेतले खरे, परंतु आपण या शिकारीस सोबती झालो याचा त्यांस विषाद वाटला. सोबती पुन्हा शिकारीस निघाले, तेव्हा ते तळावरच राहिले. पुढल्याच वर्षी शास्त्रासाठी म्हणून त्यांनी स्वतः एक कासव मारले, आणि रोजनिशीत त्या कृत्याला खून म्हटले. शास्त्राची सबब त्यांस पुरेशी वाटली नाही. १८५४ सालीच त्यांचा ‘वॉल्डन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्यांनी एक दुर्बीण विकत घेतली व पक्षी दुरूनच न्याहाळू लागले.

ता. ६ मे १८६२ रोजी क्षयाने त्यांचा अंत झाला. वय अवघे ४४. मृत्युशय्येवर त्यांच्या मुखातून शेवटी जे शब्द उमगले, त्यांत मूस हा एक होता, असे सांगतात.